काचेतले पाहुणे

साल १९४२. बंगळूर. मध्यरात्र उलटून गेली आहे आणि तुम्ही इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या भौतिकशास्त्र विभागात एका अंधाऱ्या खोलीच्या दाराशी उभे आहात. शहरात या जागेला सगळे टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. टांगेवाल्याला दुसरं काही सांगितलं असतंत तर तो गोंधळला असता. आत जाताना पाय उचलून टाका. टेबलाला धक्का लागला तर सकाळपासून चाललेलं काम वाया जाईल. मोबाइल खिशातच राहू द्या. त्याच्या पडद्याचा उजेडही इथल्या फोटोच्या काचेची नासाडी करायला पुरेसा आहे.

डोळे सरावले की एक निळा ठिपका दिसायला लागतो. तो हिरा आहे, काही मिलिमीटरचा. द्रवरूप हवेच्या थंडीत तो ठेवलाय, कारण इतक्या थंडीत वर्णपटातल्या रेघा रेखीव येतात. बाजूला पाऱ्याचा दिवा, त्यापुढे गाळणी, आणि हिऱ्यातून निघालेला उजेड एका अरुंद फटीतून वर्णपटलेखकात शिरतोय. हा उजेड इतका क्षीण आहे की काचेवर ठसा उमटायला पंधरा ते वीस तास लागतात. म्हणून ही मुलगी रात्रभर इथेच असते. खादीची साडी, वय चोवीसच्या आतबाहेर. त्रावणकोरची अ‍ॅना मणी. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात देशी उपकरणं घडवणाऱ्या बाई म्हणून तुम्ही त्यांचं नाव ऐकलं असेल. आत्ता त्या हिरे वाचतायत.

हिरे प्राध्यापक रामन यांचे. संचालकपद त्यांनी १९३७मध्ये सोडलं, विभाग मात्र त्यांचाच आहे. नऊ वर्षांपूर्वी याच आवारात कमला भागवत नावाची मुंबईची मुलगी प्रवेशासाठी अडून बसली होती. वडील आणि काका इथेच रसायनशास्त्र शिकून गेलेले, तरी रामनसाहेब मुलीला घ्यायला तयार नव्हते. शेवटी घेतलं ते अटी घालून. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण पुढे कमला सोहोनी झाली. त्या वेळची अढी आता थोडी सैल झालेली दिसते, नाहीतर अ‍ॅना मणी रात्री दोन वाजता हिऱ्यांसह इथे नसत्या. थोडीच सैल, म्हणा. १९४५मध्ये त्या प्रबंध सादर करतील आणि एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठ पीएच.डी. नाकारेल.

पण आपण प्रकाशासाठी आलोय. काही हिरे निळे चमकतात, काही हिरवट पिवळे, काही मुळीच नाही. निळ्यांच्या वर्णपटात ४१५ नॅनोमीटरला एक रेघ हमखास येते, हिरव्यांच्या ५०३ला. का? रामन यांचं मत ठाम आहे: ही चमक हिऱ्याच्या स्वतःच्या रचनेतून येते, त्यात परक्या अणूंचा संबंध नाही. तुम्हाला उत्तर माहीत आहे आणि ते जिभेच्या टोकावर आलंय. सांगू नका. १९५९मध्ये बेल प्रयोगशाळेतले कायझर आणि बाँड दाखवून देतील की बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन मुरलेला असतो. आणि मग उलगडत जाईल की खरी गंमत त्याच्या प्रमाणापेक्षा त्याच्या सोबतीत आहे. नायट्रोजनचा अणू एकटा असेल तर हिरा गडद पिवळा दिसतो. एका रिकाम्या जागेभोवती तीन अणू जमले की ४१५ची निळी रेघ. दोन जमले की ५०३ची. पाहुणे तेच, पण ते एकेकटे बसलेत की घोळक्याने, त्यावर घराचा रंग ठरतो.

रामन यांनी हे मानलं असतं का, असा प्रश्न मनात येतो. मला वाटतं, नाही. मोठ्या माणसांचे हट्टही मोठे असतात. पण त्यांच्या विद्यार्थिनीने रात्री जागून घेतलेल्या रेघा खऱ्या होत्या. अर्थ चुकला तरी मोजमाप टिकतं.

आता चौदा वर्षं मागे चला. अंतर फार नाही, सेंट्रल कॉलेजपर्यंतच जायचंय.

१६ मार्च १९२८, शुक्रवार. रस्त्यावर विजेचे दिवे आहेत. शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज या शहरात १९०५पासून जळते आहे. साउथ इंडियन सायन्स असोसिएशनच्या उद्घाटनाचं व्याख्यान द्यायला कलकत्त्याहून पाहुणा आलाय: चंद्रशेखर वेंकट रामन, वय एकोणचाळीस, डोक्याला फेटा. मागच्या बाकावर बसा. विषयाचं नाव आहे ‘एक नवे प्रारण’. शोध लागून अजून तीन आठवडेही झालेले नाहीत.

तो सांगतो ते असं. एकाच रंगाचा प्रकाश एखाद्या द्रवावर टाकला तर विखुरलेल्या प्रकाशात तो मूळ रंग असतोच, पण शेजारी अगदी फिक्या, नव्या रेघाही दिसतात. म्हणजे काही प्रकाशकण आत शिरताना एका ऊर्जेचे होते आणि बाहेर येताना थोडे गरीब होऊन आले. ती ऊर्जा रेणूने घेतली आणि तो थरथरला. किती घेतली, हे रेणूतला बंध ठरवतो. प्रत्येक बंधाची कपात वेगळी. नुसता प्रकाश टाकून, पदार्थ न तोडता, न वितळवता, आत कोण कोणाला कसं धरून बसलंय हे कळण्याची ही सोय आहे. उपकरणांचा एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आसपास होता असं सांगतात. सभेतल्या किती जणांना त्या संध्याकाळी हे सगळं उमगलं असेल, कोण जाणे.

साठेक द्रव तपासले, असं तो सांगतो. मग बर्फ. मग एक असा पदार्थ, ज्यावर तुम्ही कान टवकारावेत: प्रकाशीय काच. काचेतही ते नवं प्रारण दिसतं. बेंझिनसारख्या द्रवात रेघा सुईसारख्या येतात, काचेत त्यांचा पसरट पट्टा होतो, कारण काचेत अणूंची बैठक शिस्तीची नसते. तिथे प्रत्येक बंधाची परिस्थिती शेजाऱ्यापेक्षा जरा निराळी. हा पसरटपणा तेव्हा नुसती कटकट होती. शंभर वर्षं व्हायच्या आत तो पैसे मिळवून देईल.

१९७०. नोव्हेंबर. तुम्ही रामन संशोधन संस्थेच्या बागेत आहात. ऑक्टोबरअखेर प्रयोगशाळेत कोसळलेले म्हातारे रामन इस्पितळातून परत आलेत, कारण शेवटचे दिवस झाडांमध्ये काढायचा त्यांचा आग्रह आहे. २१ तारखेला ते जातात. दहन याच आवारात होतं, आणि त्या जागी दगड नाही, झाड लावलं जातं. इथे फार वेळ थांबू नका, कारण याच वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग या गावी एक गोष्ट घडून गेली आहे, आणि ती रामन यांच्या कानावर गेली होती की नाही याची चौकशी करत बसलो तर पुढची गाडी चुकेल.

काचेच्या केसासारख्या तंतूतून प्रकाश वळवता येतो, हे पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये दाखवलं. १९५४च्या जानेवारीत ते छापून आलं. पण काच इतकी मळकट की काही मीटरमध्ये उजेड संपायचा. १९६६मध्ये चार्ल्स काओ आणि हॉकहॅम यांनी हिशोब मांडला: किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट आली, म्हणजे किलोमीटरअखेर शंभरातला एक भाग जरी उरला, तरी टेलिफोन चालवता येईल. मळ काढा, काच स्वभावाने स्वच्छ आहे. मोरर, केक आणि शुल्झ या तिघांनी १९७०मध्ये १७ डेसिबलचा तंतू ओढला. शुद्ध सिलिकाच्या गाभ्यात त्यांनी टायटॅनियम मिसळलं होतं, कारण गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त नसेल तर प्रकाश आत कोंडला जात नाही. म्हणजे आधी जिवाच्या आकांताने सगळे परके अणू हाकलायचे, आणि मग एका निवडक परक्याला मोजून आत घ्यायचं. दोन वर्षांत टायटॅनियमच्या जागी जर्मेनियम आलं आणि घट चार डेसिबलवर उतरली. आज ती ०.२च्या घरात आहे.

वाटेत पुण्यात क्षणभर उतरायला हरकत नाही. साल १९७९. दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातली पहिली प्रकाशतंतूची जोडणी इथे सुरू होते. पुणेकरांना याचा अभिमान असायला हवा होता. फोन लागत नाही म्हणून तक्रार करण्यात तो राहून गेला असावा. आणि पुढे मराठवाड्यात वाळूजला असे तंतू ओढणारा कारखाना येईल. पण तो सगळा साधा तंतू, निरोप वाहून नेणारा. आपल्याला हवाय तो निरोपात जीव घालणारा.

त्यासाठी कोलकात्यात जाधवपूरला, केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत जावं लागतं. शतक बदललंय. चष्मा लावा, लेथजवळ उभे राहा. लोखंड नव्हे, काचेची पोकळ नळी लेथवर फिरतेय. खालून हायड्रोजन आणि ऑक्सिजनची ज्योत नळीच्या लांबीभर मागेपुढे जाते. नळीच्या एका तोंडातून सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या क्लोराइडांची वाफ ऑक्सिजनबरोबर सोडली आहे. उष्णतेने ती आतल्या आत काचेची पांढरी काजळी होऊन भिंतीवर बसते. साधा तंतू करायचा असता तर ही काजळी तिथल्या तिथे वितळवून पारदर्शक केली असती. इथे हात आखडता घेतात. ज्योत बेताची ठेवतात, काजळी सच्छिद्र राहू देतात. मग नळी उतरवून तिच्यात एर्बियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या क्लोराइडांचं द्रावण भरतात आणि तासभर तसंच ठेवतात. काजळी ते पिऊन घेते. ही रीत १९८७मध्ये साउथॅम्प्टनच्या विद्यापीठात निघाली. द्रावण काढून टाकलं की पाणी घालवणं आलं, त्यासाठी क्लोरीन. पाण्याचा अंश राहिला तर १३८३ नॅनोमीटरला तो उजेड गिळतो. शेवटी ज्योत दोन हजार अंशांच्या वर नेतात आणि नळी स्वतःवरच आकसून भरीव दांडी होते. तिला प्रीफॉर्म म्हणतात. मनोऱ्याच्या टोकाला, भट्टीत, दांडीचं टोक मऊ होऊन एक थेंब खाली येतो आणि मागून तंतू ओढला जातो: बाहेरचा व्यास १२५ मायक्रॉन, एर्बियमचा गाभा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. खाली येता येता त्यावर प्लास्टिकचं आवरण चढतं, नाहीतर हवेतल्या दमटपणाने तो ठिसूळ होईल.

एर्बियम कशाला? ०.२ डेसिबल म्हणजे फार थोडं वाटतं, पण शंभर किलोमीटरनंतर मूळ उजेडाचा शंभरातला एकच भाग उरतो. समुद्राखालून मुंबईला येणाऱ्या केबलीचा विचार करा. पूर्वी दर काही अंतरावर उजेडाचं विजेत रूपांतर करून पुन्हा उजेड करावा लागे. एर्बियमचा आयन ९८० नॅनोमीटरच्या लेसरची ऊर्जा घेऊन सुमारे दहा मिलिसेकंद तशीच धरून ठेवतो. अणूंच्या जगात हा मोठा अवधी. त्या वेळात १५५० नॅनोमीटरचा थकलेला संकेत जवळून गेला की आयन आपली ऊर्जा त्याच्याच तालावर त्याला देऊन टाकतो. वीज मधे येत नाही.

मग भरपूर एर्बियम का घालत नाहीत? इथे हिऱ्यातली गोष्ट पुन्हा येते, उलट्या टोकाने. सिलिकाच्या जाळ्यात एर्बियमला नीट जागाच नाही. प्रमाण वाढलं की आयन एकमेकांजवळ सरकतात, जोड्या होतात, पुंजके होतात. शेजारी आला की एक आयन आपली ऊर्जा दुसऱ्याला देतो. दुसरा उंच चढतो, पहिला रिकामा पडतो, आणि संकेतासाठी राखलेली शिदोरी हिरव्या उजेडात आणि उष्णतेत उडते. अ‍ॅल्युमिनियम घालतात ते यासाठी. ते एर्बियमभोवती बसून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं. काचेच्या कारागिराच्या दृष्टीने पुंजका म्हणजे रोग.

आणि आता याच पुंजक्यांच्या मागे जिवापाड लागलेली माणसं बघायला पुन्हा बंगळुरूला या. १९९८, जक्कूर. विमानतळाची छोटी धावपट्टी, तळं, आणि जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र. सी. एन. आर. राव यांचा गट एक भाबडा वाटणारा प्रश्न विचारतोय: धातूचे किती अणू एकत्र आले की ते धातू होतात? सोन्याचा एक अणू धातू नाही. तुमच्या बोटातली अंगठी आहे. सीमा कुठे?

पोलादी, चकचकीत निर्वात पात्रात ते सोनं, चांदी, पॅलॅडियम तापवून त्याची वाफ कार्बनच्या पृष्ठावर अगदी कमी प्रमाणात बसवतात. क्ष-किरणांनी आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची बंधनऊर्जा मोजतात. पुंजका जितका लहान, तितकी ती वाढत जाते. आपल्याला मोकळं होताना भोवतालचे इलेक्ट्रॉन सावरून घ्यायला पुरेसे नाहीत, असं तो इलेक्ट्रॉन सांगत असतो. मग स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाची सुई एकेका पुंजक्यावर आणतात. पुंजक्याचा आकार सुमारे एक नॅनोमीटरपर्यंत उतरला की प्रवाहाच्या आलेखात मधोमध एक सपाट दरी उघडते. पुंजका वीज सहज वाहू देत नाही. सोनं तेच, पण सोनेपण संपलं.

मोठे पुंजके तयार करण्याचीही एक शिस्त असते. मध्ये एक अणू, भोवती १२, मग ४२, मग ९२, १६२, २५२. बेरीज करा: १३, ५५, १४७, ३०९, ५६१. प्रत्येक वेळी कवच पूर्ण भरतं म्हणून हे आकडे टिकाऊ. ५६१ अणूंचा पॅलॅडियमचा पुंजका इथे बहुवारिकाच्या आवरणात जपून तपासला जातो. आवरण नसेल तर शेजारचे पुंजके एकमेकांत मिसळून जातील. पुढची पायरी म्हणजे मोजून बांधलेली संयुगं: सोन्याचे नेमके २५ अणू आणि भोवती गंधकाची १८ टोकं, एकही कमीजास्त नाही. अशा पुंजक्यांवर नाव मिळवणारे मद्रास आयआयटीचे थलप्पिल प्रदीप बंगळुरूतूनच पीएच.डी. करून गेलेले. २५ आहेत की २४, हे वस्तुमान-वर्णपटमापक सांगतो. ते कसे जोडलेत, हे विचारायला पुन्हा १९२८ची युक्ती आहे. जड धातूंचे बंध संथ थरथरतात, त्यामुळे त्यांच्या रेघा लेसरच्या मूळ रेघेला चिकटून येतात आणि वेगळ्या काढायला हात बसावा लागतो. रेनियमचे दोन अणू चौपदरी बंधाने जोडलेलं संयुग १९६४मध्ये ओळखलं गेलं. त्याची धातू-धातू थरथर २७०च्या आसपासच्या तरंगसंख्येला सापडते. नव्या विद्यार्थ्याला ओळख पटवायला चांगली रेघ.

परत आजच्या बंगळुरूत. आयआयएससीच्या नॅनो विज्ञान केंद्रात व्ही. आर. सुप्रदीपा यांच्या गटाचं काम पाहिलंत तर काचेचा तो पसरट पट्टा कसा कामाला लागला ते दिसेल. यिटर्बियम घातलेल्या तंतूतला लेसर दुसऱ्या लांब तंतूत सोडतात. काच दर टप्प्याला आपली ठरलेली कपात घेते आणि रंग पुढे सरकत जातो: १११७, ११७५, १२४०, १३१०, १३९०, १४८० नॅनोमीटर. पट्टा पसरट असल्यामुळे हव्या त्या रंगाला थांबता येतं. ज्या रंगांसाठी कोणताच सोयीचा परका अणू मिळत नाही, तिथे काच स्वतःच लेसर होते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या भाषणांत हे कोणी सांगत नाही. तिथे समुद्राचा निळा रंग येतो आणि भाषण संपतं.

शहराच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत सांगलीकडची एक विद्यार्थिनी नव्या एर्बियम तंतूचं रीळ तपासतेय. मराठी ऐकून ती हसते, पण आधी चष्मा हातात देते. “हा लावा, मग बोलू. ९८०चा उजेड दिसत नाही, पण डोळा जातो.” तंतूचं आवरण काढून, टोक सरळ कापून ती तो यंत्रात दुसऱ्या तंतूला वितळवून जोडते. पहिला जोड फुगतो, दुसरा बसतो. पंप चालू. अंधारात रीळ हिरवं उजळतं, आणि तुम्हाला ते सुंदर वाटतं.

“सुंदर काय,” ती म्हणते, “हाच तर त्रास आहे. थोडं हिरवं चालतं. हे फार झालं.”

ती पंप झटक्यात बंद करते आणि विझत जाणाऱ्या उजेडाचा आलेख पडद्यावर घेते. दहा मिलिसेकंदांची संथ उतरण हवी. सुरुवातीलाच एक कडा कोसळल्यासारखा दिसतो. त्या कड्यात घोळक्याने बसलेले आयन आहेत. किती टक्के, ते ती आलेखावरून काढते, मग तोच तंतू दुसऱ्या पंपशक्तीला मोजते, मग तिसऱ्या. आकडे जुळतात. ती कोलकात्याला मेल लिहायला घेते: पुढच्या प्रीफॉर्मला द्रावणात एर्बियम निम्मं करा, अ‍ॅल्युमिनियम वाढवा, काजळीची ज्योत याच तापमानाला ठेवा. तंतूची लांबी वाढवून आम्ही इकडे भरपाई करू.